टिपणीसकाका आणि अकराचा फोन

टिपणीसकाका बोलताना माणसाच्या डोळ्यांत बघत नाहीत, तोंडात बघतात. सोसायटीत नवीन आलेल्यांना वाटतं, यांना कमी ऐकू येतं म्हणून ओठांकडे बघतायत. तसं काही नाही. ते दात बघतात. नावं त्यांच्या लक्षातच राहत नाहीत. "तळमजल्यावर राहायला आलाय तो कोण गं? वरचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेत, तो?" मी नाव सांगते. "असेल," ते म्हणतात. माझ्या लग्नाचा अल्बम दाखवला तेव्हा नवऱ्याच्या फोटोवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "अक्कलदाढ त्रास देणार याला." दिलाच.

काका कवळ्या बनवतात. डोंबिवलीत मानपाडा रस्त्याला आमची इमारत आहे, तिथे माझ्या समोरच्या फ्लॅटची बंद केलेली गॅलरी हा त्यांचा कारखाना. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेतात, त्याचा प्लास्टरचा साचा खोक्यात घालून पाठवतात. काका त्यावरून कवळी करतात आणि खोकं परत जातं. तीस वर्षांत कवळी लावणारा माणूस त्यांनी एकदाही पाहिलेला नाही. मग साच्यावरूनच ते माणसं उभी करतात. "या आजी डाव्या बाजूनेच चावतात. हट्टी असणार." काम करताना त्यांच्याशी बोलतातही: "आजोबा, दम धरा जरा, मेण गार होऊ दे."

लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणतात, "बसलं नाही." कवळीबद्दलही ते हाच शब्द वापरतात, त्यामुळे पुढे विचारायची सोय उरत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका आजींची कवळी तीनदा परत आली. डॉक्टरांची चिठ्ठी दर वेळी तीच: खालची कवळी जागेवर बसत नाही, उचलते. काकांनी ती घासली, पुन्हा केली, पुन्हा घासली. मग गॅलरीतला घासायच्या मोटरचा आवाज बंद झाला. चौथ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. मी घरून भाषांतराची कामं करते हे त्यांना ठाऊक होतं.

"मेधा, तुझं अडलं की तू कोणाला विचारतेस?"

"आमचा ग्रुप आहे ना काका. फोनवर. महिन्यातून एकदा भेटतोही ठाण्याला."

"आणि ते सांगतात?"

"सांगतात की."

"मी तीस वर्षांत कोणालाच विचारलं नाही गं. कोण आहे, तेच माहीत नाही."

मी शोध घेतला. कवळ्या करणाऱ्यांचा एक मेळावा कल्याणला एका रविवारी होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून निघाले आणि रिक्षा स्टँडवरून परत आले. म्हणून मी सोबत गेले. साचा आणि कवळी रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्यात ठेवलेले. वाटेत मी डबा मांडीवर आडवा घेतला तर म्हणाले, "सरळ धर. आजी आहेत आत."

हॉलमध्ये एक तरुण मुलगा, निखिल, कॉम्प्युटरवर दात कसे आखायचे ते दाखवत होता. काका शेवटच्या रांगेत डबा छातीशी धरून बसले. चहाच्या वेळी शेजारच्या बाईंनी विचारलं, "डब्यात काय हाय?" साठीच्या असतील. लीला गायकर, आंबिवलीच्या. नवऱ्यामागे त्यांनीच त्याचं काम चालू ठेवलेलं. त्याही पहिल्यांदाच आल्या होत्या.

काकांनी आजींची तक्रार सांगितली. लीलाबाईंनी साच्यावर कवळी बसवली, अंगठा फिरवला. "तुमचं काय चुकलं नाय. माप देताना आजीनं जबडा पुढं काढलाय. माप परत मागवा."

"डॉक्टरांना सांगू, माप चुकलंय म्हणून?"

"मी सांगते नेहमी. काय खातात का ते?"

दुसऱ्या दिवशी काकांनी डॉक्टरांना फोन केला. आधी बोलायचं कागदावर लिहून काढलं होतं. नवीन माप आलं, कवळी गेली आणि परत आली नाही.

मग अकराचा फोन सुरू झाला. रोज सकाळी अकराला काका लीलाबाईंना फोन लावायचे, दोघं स्पीकर चालू ठेवून काम करत बसायचे. बोलणं फार नसे. "मेण कुठलं वापरता?" "ह्या दाढंचं काय करू?" बाकी इकडे मोटर, तिकडे मोटर. एकदा मी विचारलं, "तासभर काय बोलता हो?" काका चक्क लाजले. "बोलत नाही गं. ती तिथे आहे, एवढंच."

असं वर्षभर चाललं. त्यानंतर एका मंगळवारी काकांनी माझं दार दोन्ही हातांनी वाजवलं. "तिची मोटर नुसती फिरतेय."

मला कळेना. त्यांनी फोन पुढे केला. कवळी घासताना मोटरचा आवाज दबतो, उचलली की चढतो. हा आवाज चढलेलाच होता, एका सुरात. "लीलाबाई," काका फोनमध्ये म्हणत होते, "लीलाबाई, मोटर बंद करा."

मुलगा-सून नोकरीला असतात, एवढंच काकांना माहीत होतं. त्यांचा नंबर नव्हता. शेजाऱ्यांचा नव्हता. घर आंबिवलीत नेमकं कुठे, तेही नाही. फोन चालू ठेवूनच आम्ही निघालो. स्टेशनबाहेरच्या रिक्षावाल्यांना, मग दुकानात विचारत घर सापडेपर्यंत दीड तास गेला. शेजाऱ्यांनी दार उघडलं. लीलाबाई टेबलावर डोकं टेकून होत्या. मोटर काकांनीच बंद केली.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, लगेच आला असतात तरी उपयोग नव्हता. काकांनी मान हलवली. त्यांना ते बसलं नाही, हे मला दिसत होतं.

पुढच्या मेळाव्याला काका एकटे निघाले होते, मीच मागून गेले. तिथे लीलाबाईंची कोणाला फारशी ओळख नव्हती. काका उठून उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा चार माणसांसमोर बोलले असतील.

"गायकरबाई गेल्या. हातचं काम फार स्वच्छ होतं." मग खिशातून घडी घातलेला कागद काढला. "जे एकटे बसून काम करतात, त्यांनी यावर नंबर लिहा. मी रोज फोन करीन. काम काही नाही. आणि खाली घरातल्या एका माणसाचा नंबर लिहा. तो विसरू नका."

कागद फिरला. बऱ्याच जणांनी लिहिलं. शेवटी तो निखिलच्या हातात आला. त्याने आपले दोन नंबर लिहिले, पेन तसंच धरून विचारलं, "काका, तुमचाही लिहितो. तुमच्या घरातला कोणाचा?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. दातांकडे नाही, डोळ्यांत. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "हिचा चालेल का?"

मी नंबर सांगितला.