बाणाच्या उलट वच्छला सिस्टर

नांदेडातल्या आमच्या जुन्या बागेत झाडून सगळे एकाच दिशेनं फिरतात. वच्छला सिस्टर तेवढ्या उलट. निजामाच्या काळातल्या दगडी कमानीतून आत आलं की माणूस आपोआप डावीकडं वळतो, सिस्टर उजवीकडं. त्यामुळं प्रत्येक फेरीत त्या समोरून येतात आणि आपण त्यांच्या तावडीत सापडतो.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण ड्यूटी काही संपलेली नाही. "तोंड सुजलंय, बापू. राती लोणचं लई हाणलं वाटतं," हे मला. माझ्याबरोबर फिरणाऱ्या वकिलांना त्यांनी चारचौघांत पोट साफ होतं का, असं विचारलं. तेव्हापासून वकील टोपी डोळ्यांवर ओढून फिरतात. सिस्टर टोपी वर करून बघतात. चिंचेखाली वाट अरुंद आहे, तिथं त्यांच्यामुळं रोज वाहतूक तुंबते.

शेवटी कुणीतरी तक्रार केलीच. बागेच्या साहेबांनी कमानीत डावीकडं बाण दाखवणारी पाटी लावली आणि उलट फिरणाऱ्याला आत सोडू नको, असं वॉचमनला बजावलं. दुसऱ्या दिवशी सिस्टर आल्या, पाटी वाचली, वॉचमनच्या खोकल्याची चौकशी केली आणि उजवीकडं वळल्या. हे कळल्यावर साहेब म्हणाले, उद्या मी स्वतःच येऊन अडवतो.

गंमत अशी की, जे कुरकुर करत होते तेच आता हळहळायला लागले. वकील तर टोपी हातात घेऊन बसले. मग तोडगा मी काढला, आणि त्याचा मला चांगलाच अभिमान वाटला. उद्या सगळ्यांनीच उलट फिरायचं. साहेब अडवून अडवून किती जणांना अडवणार?

सकाळी अख्खी बाग उजवीकडून फिरू लागली. साहेब कमानीत कपाळाला हात लावून उभे. मी मोठ्या ऐटीत सिस्टरना शोधत निघालो, तर त्या फेरी अर्धवट टाकून हौदाच्या कठड्यावर बसलेल्या. आनंदानं गहिवरल्या असतील, असं मला वाटलं.

"चांगलं केलंस बापू," त्या म्हणाल्या. "पण आता नुसत्या पाठीच दिसून राहिल्यात. घरी एकच तोंड दिसतंय मला, ते बी आरशातलं. चार तोंडं बघाया येते मी हितं."

मला फार वाईट वाटलं. स्वतःच्या हुशारीचा रागही आला. सिस्टर मात्र पदर खोचून उठल्या, वळल्या आणि सरळ बाणाच्या दिशेनं चालू लागल्या.

तेव्हापासून आम्ही सगळे नियम मोडतो आणि बागेत नियम पाळणाऱ्या एकट्या सिस्टर. साहेबांना कुणालाच काही बोलता येत नाही. त्या समोरून येताना दिसल्या की मी चाल कमी करतो. तेवढंच माझं तोंड त्यांना जास्त वेळ दिसतं.