मासा, समुद्री, जिवंत, नग एक

डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नानांचा उजवा डोळा गेला आहे आणि डावा फार तर दहा महिने साथ देईल. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी तेहतीस वर्षं बंदरावरच्या शीतगृहात माशांचं वजन केलं. दवाखान्याचा जिना उतरताना ते म्हणाले, "जन्मभर मासे हाताळले, पण सगळे मेलेले. एक जिवंत बघायचाय. समुद्रातला, केशरी. पाण्यात हलताना."

दुसऱ्या कुणी येता येताच दुकान गाठलं असतं. मी एका मोठ्या कार्यालयात खरेदी विभागाचा प्रमुख आहे. वडिलांच्या बाबतीत उतावीळपणा मला शोभला नसता. घरी येऊन चपला काढल्या आणि रीतसर मागणीपत्र लिहायला घेतलं. उद्देश : बघणे. वापरकर्ता : वडील. 'निकड' हा रकाना मात्र कोरा ठेवला, कारण आमच्याकडे तातडीच्या मागण्यांची फाइल वेगळी असते आणि ती महिन्यातून एकदाच उघडतात.

फिश टँकचा दुकानदार म्हणाला, दोन फुटी टाकी, हीटर, पाणी फिरवणारा पंप, चांगलं मीठ, थोडे दगड. सहा आठवडे पाणी मुरू द्या आणि मासा सोडा. इतक्या चटकन संपलेलं उत्तर ऐकून मला संशय आला. शिवाय एकाच उत्तराचा तुलनात्मक तक्ता करता येत नाही. म्हणून मी खाऱ्या पाण्याच्या शौकिनांच्या एका गटात शिरलो. तिथल्या नऊ जणांनी मला चौदा मतं दिली आणि एकमेकांना मूर्खात काढलं. आपण तज्ज्ञांपर्यंत पोहोचलो, अशी माझी खात्री पटली.

दोन फुटी टाकी लहान पडते, कारण कमी पाणी लवकर बिघडतं. म्हणून चार फुटी आली. एवढ्या पाण्यातला मळ फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र लागतं, ते आलं. ते टाकीत वाईट दिसतं, म्हणून खाली दुसरी टाकी आली. प्रवाळ जगवू शकेल असा दिवा आला. प्रवाळ आम्हाला नको होतं, पण उद्या हवंसं वाटलं तर दिव्याने अडवणूक करू नये. दिव्याने पाणी तापायला लागलं, म्हणून पाणी थंड करणारं यंत्र आलं, आणि त्याने पाणी फारच गार होऊ नये म्हणून हीटर मोठा घेतला. आता ही दोन यंत्रं दिवसभर एकमेकांविरुद्ध काम करतात आणि तापमान जागचं हलत नाही. आमच्या कार्यालयातले दोन विभाग याच तत्त्वावर चालतात.

एवढं वजन पेलणारी जमीन आणि पुरेसे प्लग फक्त नानांच्या खोलीत होते. त्यांचा पलंग पॅसेजमध्ये हलवला. नाहीतरी टाकी त्यांच्यासाठीच होती. खोलीत पंखा लावायचा नाही, वाऱ्याने पाणी उडून खारटपणा वाढतो. पडदा सारायचा नाही, उन्हाने शेवाळ धरतं. नाना अधूनमधून दारात उभे राहून एका डोळ्याने नुसतं पाणी बघायचे.

चौथ्या महिन्यात त्यांनी विचारलं, "मासा कधी येणार?"

मी समजावून सांगितलं की पाणी मुरायला सहा आठवडे लागतात आणि नवं यंत्र जोडलं की मोजणी पहिल्या दिवसापासून. दुसरा अर्धा भाग दुकानदाराने सांगितला नव्हता, तो माझा. नियमात शंकेला जागा ठेवू नये. तोवर ते सहा आठवडे तीनदा सुरू झाले होते.

"अरे, बादलीत आणला असतास तरी चाललं असतं मला."

"नाना, बादलीला मानक नाही."

ते पॅसेजमध्ये जाऊन बसले. मला वाईट वाटलं. आपली किती काळजी घेतली जातेय, हे म्हाताऱ्या माणसांना कळत नाही.

मी नोंदवही घातली. तापमान, खारटपणा, आम्लता, दिवसातून तीन वेळा, सहीनिशी. एकदा बायकोने विचारलं, "अहो, नानांच्या डोळ्यात आज थेंब कुणी घातले?" मी वही उघडून बघितली. तसा रकाना नव्हता. सातव्या महिन्यातली डॉक्टरांची तपासणीही राहून गेली, कारण त्याच दिवशी खारटपणा मोजायचं यंत्र तपासणारा माणूस येणार होता आणि त्याची वेळ मिळणं फार कठीण असतं.

तेराव्या महिन्यात मासा आला. तीन माशांमधून निवडलेला, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. पंधरा दिवस त्याला निरीक्षणासाठी वेगळं ठेवलं, मग टाकीत सोडला आणि नानांना बोलावलं. बायकोने हाताला धरून त्यांना आणलं, खुर्चीत बसवलं. नाना तोंड करून बसले ते थंड करणाऱ्या यंत्राकडे, कारण आवाज तिथून येत होता.

"हलतोय का रे?"

"हो."

"काय करतोय आत्ता?"

मी टाकीवरचा तापमानाचा आकडा वाचला. "पंचवीस पूर्णांक सहा दशांश."

नानांनी मान डोलावली. "चांगलं आहे."

बायकोने नानांची खुर्ची वळवली, त्यांचं बोट काचेवर टेकवलं आणि मासा जाईल तिकडे ते सरकवत राहिली. आता दगडामागे गेला, नाना. आता वर येतोय. थांबलाय, तोंड उघडतोय बघा. असं अर्धा तास चाललं होतं. काचेवर बोटाचे ओरखडल्यासारखे डाग पडले. ते पुसायला खास कापड मिळतं, दुसऱ्या दिवशी मी ते मागवलं.

हल्ली टाकी बघायला लोक येतात. आतापर्यंत एकवीस जण येऊन गेले. पॅसेजमध्ये नानांच्या पलंगाला वळसा घालून ते आत येतात आणि पंप कोणता, दिवा कोणता, असे नेमके प्रश्न विचारतात. नानांची चौकशी करून अजून कुणी विषयांतर केलेलं नाही.

तुम्हीही इथवर वाचत आलात, म्हणजे आपल्या घरात टाकी कुठे बसेल याचा अंदाज मनातल्या मनात घेतला असेलच. संकोच करू नका. खोली रिकामी करून घ्यायची तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची घ्या. ते माणूस नाही म्हणत नाही.