पोस्ट नंबर एक

सकाळी साडेपाचला आमच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे हजेरी होते.

"नफरी किती?"

"दोन, साब! एक हाजीर, एक गैरहाजीर!"

"गैरहाजीर कोण?"

"आई, साब! चाय करता!"

"चायसाठी सूट. विश्राम!"

ही पलटण म्हणजे आमचे शेजारी हवालदार घाडी, त्यांची बायको सुमनवहिनी आणि अकरा वर्षांची मुलगी मुक्ता. चोवीस वर्षं सैन्यात काढून हवालदार तीन वर्षांपूर्वी मिठबावला परत आले. आता हे माडा-आंब्यांच्या मागे लागतील असं गावाला वाटलं होतं. ते मुक्ताच्या मागे लागले.

मी गावच्या शाळेतला निवृत्त मास्तर. म्हणून असेल, पण त्यांनी आपलं धोरण मला सविस्तर सांगितलं.

"मास्तर, चेडवाक, माझ्या मुक्ताक, मी काय देतलंय? माझ्याकडे सोना नाय. फौजेन माका जा शिकवल्यान, ता देतलंय. कोई शक?"

त्यांचं प्रत्येक बोलणं 'कोई शक'वर संपतं. शंका काढायची नसते. सुमनवहिनींनी एकदाच काढली. हवालदार जेवताना म्हणाले, "आमटीत मीठ कमी आसा. कोई शक?"

वहिनी म्हणाल्या, "शक आसा. ती आमटी न्हय, सोलकढी आसा."

मुक्ताच्या दप्तराची दर रविवारी तपासणी होते. पेन्सिली उंचीप्रमाणे उभ्या राहतात. रजेशिवाय कुठे जायचं नाही. जत्रेसाठी तिने केलेला अर्ज मी स्वतः पाहिलाय : 'रजेचे कारण - पाळण्यात बसणे.' खाली हवालदारांचा शेरा होता, 'चार तास मंजूर. उशीर झाल्यास शोधपथक निघेल.' मुक्ताला दहा मिनिटं उशीर झाला आणि शोधपथक खरोखर निघालं. त्यात हवालदार एकटेच होते. भर उन्हात हातात बॅटरी.

आश्चर्य म्हणजे मुक्ताची कुरकुर नव्हती. ती सगळं शिकत होती, आणि हवालदारांनी हिशेब केला नव्हता इतकं नीट शिकत होती.

हे आम्हाला मे महिन्यात कळलं. वहिनी वैभववाडीला माहेरी गेल्या होत्या. जाताना खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, सहा ताटं आंब्याच्या रसाची साठं वाळत घालून गेल्या होत्या. त्याच दिवशी विहिरीचा पंप बंद पडला. तो दुरुस्तीला घेऊन हवालदारांना देवगड गाठणं भाग होतं. निघताना त्यांनी मुक्ताच्या हातात वेताची काठी दिली.

"पोस्ट नंबर एक. माकडां, कावळे, कोंबडे, कोणाक थारो नाय. मी येईसर जागा सोडूची नाय. आणि परवलीचो शब्द सांगल्याशिवाय बेड्याच्या आत कोणाक घेवचा नाय. मगे मी असलंय तरी."

बेडं म्हणजे खळ्याच्या तोंडाशी आडव्या घातलेल्या बांबूंचं आमच्याकडचं फाटक. त्याच्यापाशी वाकून त्यांनी तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दहाच्या गाडीला धावले.

दुपारी जेवून, पडून, अडीचला मी बाहेर आलो, तर मुक्ता खळ्यात उभी. खांद्याला काठी, डोक्यावर ऊन, पायात काही नाही.

"अगो, सावलीत बस!"

"पोस्ट सोडूची नाय, मास्तरकाका."

"जेवलंस?"

"नाय."

मी बेडं उघडायला गेलो. काठी आडवी आली.

"परवलीचो शब्द?"

आता मला काय माहीत? मी अंदाज बांधायला सुरुवात केली. "बांगडो?"

"नाय."

"जय हिंद?"

"ता सगळ्यांकाच म्हायत आसता. नाय."

मी बत्तीस वर्षं मुलांच्या परीक्षा घेतल्या. त्या दुपारी सलग अकरा वेळा नापास झालो. घरातून तिच्यासाठी चपला आणल्या, तर म्हणाली, "भायल्या माणसाकडून वस्तू घेवची नाय." पाणी मात्र तिने मंजूर केलं, पण आधी मी त्यातलं घोटभर पिऊन दाखवल्यावर. शेवटी गडग्याच्या बाजूने, माझ्या हद्दीतून, मी छत्री बांबूला बांधून तिच्या डोक्यावर धरली. हद्दीबाहेरून आलेल्या सावलीबद्दल हुकमात काही नव्हतं.

मी हवालदारांना फोन लावला. तो त्यांच्याच ओटीवर वाजला.

साडेचारला ते आले. गाडी वाटेत बंद पडली होती, चार किलोमीटर पंप खांद्यावर घेऊन चालले होते. त्यांनी लांबूनच मुक्ताला पाहिलं आणि त्यांची छाती फुगली.

"शाब्बास!"

ते बेड्याशी पोचले. काठी आडवी आली.

"परवलीचो शब्द?"

हवालदारांनी तोंड उघडलं. मग मिटलं. पंप खाली ठेवला. डोक्यावरची टोपी काढून परत घातली.

"मास्तर," ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तुमका म्हायत आसा?"

"माका कसो म्हायत असतलो!"

"मुक्ता, मी बापूस तुझो. आत येवक दी."

"ह्यो परवलीचो शब्द न्हय, साब."

तिचा आवाज बारीक झाला होता. आणि तेव्हा आम्हा दोघांनाही दिसलं, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. खळ्यातली जमीन तापून तव्यासारखी झाली होती. हवालदार एकदम घायकुतीला आले. कपाळावर हात मारून सकाळपासूनचं मोठ्याने आठवू लागले, "पंप बंद पडलो... तू चुलीकडे होतंस... पेज पी म्हटलंय... पेज! पेज गो, पेज!"

काठी खाली आली. "पोस्ट नंबर एक, सब ठीक, साब," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

हवालदार तिच्यासमोर मांडी घालून बसले. तिचा एक पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्याला दोन फोड आले होते. त्यांनी खिशातला रुमाल माझ्याकडच्या पाण्यात भिजवला आणि बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत इतक्या सावकाश पुसायला लागले, की हे काम त्यांनी शेकडो वेळा केलंय हे मला कळलं.

"लांब चालून इल्यावर पोरांचे पाय मीच बघी," मान वर न करता ते म्हणाले. "नवी भरती. अठरा-एकोणीस वर्षांची पोरां. फोड इलो तरी सांगनत नाय, लाजतत." मग म्हणाले, "ह्या चेडू जन्मला तेवा मी वर बर्फात होतंय, मास्तर. पयला बघलंय तेवा दीड वर्षाचा. माका बघून आवशीच्या पाठी लपला. जवान कसो वाढवूचो ता माका शिकवल्यानी. चेडू कसा वाढवतत ता कोण शिकवूकच नाय."



मुक्ता त्यांच्याकडे बघत होती. 'साब' न म्हणता तिने विचारलं, "बाबा, मी ल्हान होतंय तेवा तू माका कधी पाठकुळी घेतलंस?"

"नाय गो."

"एकदाव?"

"सुट्टी गावाक नाय. गावली तेवा तू माझ्याकडे येय नसलंस."

ते तिच्याकडे पाठ करून उकिडवे बसले. मुक्ता आता त्यांच्या खांद्याला लागते. तिने गळ्यात हात टाकले, ते हूं करत उठले, तिचे लांब पाय त्यांच्या गुडघ्यांवर आपटायला लागले. घराची पायरी दहा पावलांवर होती.

हवालदार पायरीपाशी गेले, आणि तिथून वळले. खळ्याला एक फेरी झाली. मग दुसरी. तिसऱ्या फेरीला मी माझी छत्री सोडवून घेतली आणि घरात गेलो.