आधी हात, मंग हत्यार

रघुतात्या नागवेकर पहिल्या भेटीत कुणाला नमस्कार करीत नसत, हात मोजत. मी कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागलो आणि मांडवीत त्यांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली, त्या दिवशीची गोष्ट. हमालाच्या डोक्यावर ट्रंक, माझ्या काखेत वळकटी, आणि पुढ्यात हा ताडासारखा उंच, काळाकुळकुळीत माणूस. "वायच हात बगू," म्हणाला. मला वाटले, ज्योतिषी असावा. मी तळवा पुढे केला. त्याने तळव्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. हात कोपरात दुमडला, खिशातून गाठी मारलेली काथ्याची दोरी काढली, तिचे एक टोक कोपराच्या खोबणीत दाबले आणि दुसरे तर्जनीच्या पेरापर्यंत ताणले.

"पावणेचवदा," तो म्हणाला. "कारकुनाला ठीक हाय."

मग त्याने हमालाचा मोजला. हमाल बिचारा एका हाताने ट्रंक सावरीत उभा राहिला. तो साडेचौदा निघाला. नोकरीच्या सुरुवातीलाच एका हमालाने मला पाऊण इंचाने हरवले.

पुढे कळले की मांडवीतला एकही पुरुष या दोरीतून सुटला नव्हता. भटजी साडेतेरा, पोस्टमन चौदा, बंदरावरचा जकातीचा शिपाई सव्वापंधरा. बायकांना ते अर्थात हात लावत नसत; दोरीचे टोक त्यांच्या त्यांनाच धरायला सांगत. बऱ्याच जणी पदर सावरून आत जात. मासेवालीने मात्र पाटी खाली ठेवून हात पुढे केला आणि जाताना दोन सणसणीत शिव्याही मोजून दिल्या. तात्यांना राग आला नाही. "तेरा," एवढेच ते म्हणाले.

हे वेड कुठून आले, हे समजायला तात्यांची नोकरी समजायला हवी. ते बावीस वर्षे प्रवासी आगबोटीवर खलाशी होते. समुद्रावर गोऱ्या उतारूंना दिवस खायला उठतो, म्हणून बोटीच्या मागच्या डेकवर त्यांच्यासाठी एक खेळ असे. कठड्याला स्प्रिंगचे एक यंत्र बसवलेले. त्यात खलाशाने डांबर-मातीची बशी ठेवायची, साहेब ओरडला की खटका ओढायचा, बशी भिरभिरत पाण्यावर जायची आणि साहेबाने ती बंदुकीने उडवायची. साहेब लोक त्या बशीला कबूतर म्हणत. तात्या बशीच म्हणत.

तर तात्या म्हणजे तो बशी टाकणारा. बावीस वर्षे टाकली. साहेबाची हाक आणि तात्यांचा खटका यांत कधी श्वासाचे अंतर पडले नाही, असे ते अभिमानाने सांगत. शेकडो बंदुका त्यांनी पुसल्या, तेल दिले, पेटीत ठेवल्या. उडवली मात्र एकही नाही.

"आणि हात मोजायचं काय?" मी विचारले.

"एक म्हातारा साब व्हता," तात्या म्हणाले. "त्याची म्हातारी त्याच्यापेक्षा चांगली मारायची. तो मला बोलला, दुकानात जाऊन बंदूक घेऊ नये. बंदूक बांगडीसारखी. हाताच्या मापाची. खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता लांब झाला तर काखेत अडकतो, आखूड झाला तर नाकावर बसतो. आधी हात, मंग हत्यार."

हे त्यांचे ब्रीदवाक्य. ते भाजी घेतानाही म्हणत आणि मयताला गेले तरी म्हणत.

नोकरी सुटताना हाती आलेल्या पैशांतून तात्यांनी घरावर कौले घातली. उरले ते एका बंदुकीपुरते. एकाच. चुकीची आली तर या जन्मी दुसरी नाही, आणि बायकोसमोर तोंड दाखवायला जागा नाही.

बायकोसमोर ते तसेही फारसे तोंड दाखवत नसत. गोदाकाकी ठेंगणी, काटक, कामाला वाघीण. नवरा समुद्रावर असताना तिने एकटीने भातखाचर आणि नारळांची बाग राखली. वानरांची टोळी आली की ती अंगणातूनच गोफण फिरवी, आणि ज्या वानरावर तिचा डोळा असे तेच ओरडत पळे. मूलबाळ नव्हते. नवरा दोन वर्षांतून एकदा महिनाभर येई. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांचे एकत्र दिवस मोजले तर धड दीड वर्ष भरले नसते. आता हा माणूस कायमचा ओटीवर येऊन बसलेला. त्याच्याशी बोलायचे कसे, हेच तिला ठाऊक नव्हते. त्यालाही नव्हते.

म्हणून दोघे ओटीवरच्या खांबाशी बोलत.

"भात निवतोय म्हणावं," काकी खांबाला सांगे.

"येतंय म्हणावं," तात्या खांबाला उत्तर देत.

मी असलो की खांबाला सुट्टी मिळे आणि ते काम माझ्याकडे येई. इतक्या चांगल्या दोन माणसांत आपण खांब म्हणून उभे राहायचे याचे मला वाईट वाटे, पण काकीच्या हातची सोलकढी मिळे, म्हणून उभा राही.

बंदुकीच्या परवान्याचा अर्ज साहजिकच मी लिहिला. शिरस्तेदारांनी तात्यांना समोर बोलावले.

"शेतीच्या रक्षणासाठी हवी का?"

"नाय. शेती बायको राखते. गोफणीनं. तिला बंदूक कशाला?"

"मग शिकार?"

"छे! मी जीव मारत नाय."

"मासे खाता ना?"

"मासा म्हंजे मासा, साब. त्याला कोण जीव म्हणतो?"

"मग बंदूक हवी कशाला?"

"बशा फोडायला."

शिरस्तेदारांनी लेखणी खाली ठेवली. "नागवेकर, बशा फोडायला सरकारचा परवाना लागत नाही. घरात मोलकरीण ठेवा, झालं."

शेवटी मीच 'नारळबागेस वानरांचा उपद्रव' असे लिहून वेळ मारून नेली. घरी येताना तात्या रस्ताभर कुरकुरत होते. वानरांचा उपद्रव होता हे खरे, पण गोदा असताना तो लिहिणे म्हणजे तिचा अपमान, असे त्यांचे म्हणणे.

परवाना आला आणि बंदूक निवडण्याचा सोहळा सुरू झाला. एका खोतांनी आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक काढली. तात्यांनी ती हातात धरली आणि परत दिली. "हिच्यात दारू ठासून होईपर्यंत बशी आफ्रिकेला पोचेल."

मग बदली होऊन निघालेल्या एका इंजिनिअर साहेबाची दुनळी विकायला निघाली. काय बंदूक होती ती! खटक्याजवळ चांदीसारखा लखलखीत पत्रा, त्यावर कोरलेली बदके, अक्रोडाचा दस्ता. साहेब निघायच्या घाईत होता, निम्म्या किमतीत देत होता. अख्खी मांडवी म्हणाली, घ्या. तात्यांनी नळ्या सुट्या करून दोरीला टांगल्या आणि मडके घेताना मारतो तशी टिचकी मारली. स्वच्छ घंटा वाजली. नळीतून आभाळ पाहिले. बंदूक कानाशी धरून हलवली. कुठे खुळखुळ नाही. मग दस्त्यावर दोरी लावली. पंधरा भरला. तात्यांचा स्वतःचा हात बरोबर पंधरा.

मी म्हटले, "तात्या, ही तुमच्यासाठीच घडवलीय."

"व्हय," ते म्हणाले आणि बंदूक खाली ठेवली. "नको. लय जड. धक्का पण जोराचा."

"तुमच्यासारख्या खांद्याला धक्क्याचं काय?"

"नकशीचे पैसे कोण देईल? बशी नकशीनं फुटत नाय. आणि सगळे पैसे नळीत घातले तर काडतुसं कुठली? बंदूक एकदा घ्यायची, काडतूस रोज लागतं. मंग उडवू काय, वारा?"

बोलणे चोख होते. पण मी कचेरीतला माणूस. चोख उत्तराच्या मागे दुसरा कागद असतो, हे मला एव्हाना कळले होते. माझे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना.

त्यांनी अखेर घेतली ती मुंबईहून आगबोटीने आलेली, वापरलेली, वीस नंबरची, म्हणजे बारीक नळीची, एकनळी. वजनाला हलकी, दिसायला अगदीच गरीब. दस्त्याच्या टोकाला चीर गेलेली. तात्यांच्या हातात ती खेळण्यातली वाटे. लोक हसले. "तात्या, ही मोठी कधी होणार?" असे पोस्टमनने विचारले. तात्या म्हणाले, "मोठी नाय, लहान करायची हाय. दस्ता कापायचा."

"किती?"

तात्यांनी बंदूक खुंटीला अडकवली.

सुतार तीनदा करवत घेऊन आला आणि तीनदा परत गेला. "कापलेलं लाकूड वाढत नाय," असे तात्या म्हणत. "माप बरोबर पायजे." गणपती गेले, दसऱ्याला बंदुकीला फूल वाहिले, दिवाळी झाली. बंदूक खुंटीवरच. तिकडे कुंभाराकडून केलेल्या पातळ मातीच्या बशांची चळत पडवीत धूळ खात पडली. खटक्याचे यंत्र तात्यांनी बांबूच्या कांबीचे स्वतःच बनवले होते. सगळे तयार, आणि माप मिळेना. साऱ्या गावाची मापे खिशात असलेल्या माणसाला कसले माप मिळेना? मी तर मनातल्या मनात एकेका गावकऱ्याचा हात त्या दस्त्याला लावून पाहिला. कुणाचाच बसेना.

शेवटी एका रविवारी मी विचारलेच. आम्ही ओटीवर बसलो होतो. काकी आत नारळ खवत होती. "तात्या, खरं सांगा. ही बंदूक कोणासाठी?"

तात्यांनी बराच वेळ दोरीच्या गाठी चाचपल्या. मग हलक्या आवाजात म्हणाले, "त्या म्हातारीला बगितलं ना बोटीवर, तेव्हापासून मनात हाय. म्हटलं, आमच्या घरात यापेक्षा चांगला नेम हाय, पण त्याच्यापुढं वानराशिवाय कधी काय आलं नाय. मी टाकणारा माणूस. मला मारायला कुठं येतंय? ती मारील, मी टाकीन."

"मग माप घ्या की काकींचं!"

"कसं घेऊ?" ते एकदम कळवळून म्हणाले. "कासार परका माणूस. तो येतो, तिचा हात धरतो, बांगड्या भरतो, कोण काय बोलत नाय. मी नवरा. मी एकदम उठून हात धरला तर ती काय म्हणेल? बावीस वरसांत धरला नाय तो. म्हणून म्हटलं, सगळ्या गावाचे मोजू. म्हातारा येडा झालाय, दिसेल त्याचा हात मोजतो, असं एकदा झालं, की मंग तिचा मोजताना कोण हसणार नाय. तीपण नाय. पण सगळ्यांचे झाले आणि तिच्यापाशी आलं की दोरीच निघत नाय खिशातून."

मला हसू यायला हवे होते. आले नाही.

आतला खवणीचा आवाज थांबला होता. तो केव्हा थांबला, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आले नव्हते.

काकी दारात आली. हात पदराला पुसलेले. तिने माझ्याकडे पाहिले नाही, तात्यांकडेही नाही. खांबाकडे पाहून म्हणाली, "दोन वरसं वाट बगतंय. त्या मासेवालीचा पण झाला. माझा नंबर कधी येतोय, इचारा."

आणि तिने उजवा हात कोपरात दुमडून, अगदी बरोबर, जसा दुमडायचा असतो तसा, पुढे धरला. दोन वर्षे आतून पाहून तिला ते पाठ झाले होते.

तात्यांनी दोरी लावली. गाठ तीनदा निसटली. मी मुकाट उठून अंगणात गेलो आणि उगाच माडाकडे पाहत बसलो. "साडेबारा," असे मागून ऐकू आले.

दुसऱ्या दिवशी मी काकीच्या नावाचा अर्ज लिहिला. शिरस्तेदारांनी चष्मा कपाळावर चढवला, दोनदा वाचला आणि म्हणाले, "नागवेकरांना म्हणावं, आता बंदूक बायकोच्या हाती, इथून पुढे वेळेवर घरी जात जा." कागद मात्र साहेबांच्या टेबलावर गेला आणि महिन्याभरात परवाना झाला. सुताराने दस्ता कापला.

मग एका सकाळी आम्ही तिघे सड्यावर गेलो. उघडा कातळ, खाली समुद्र, माणूस ना काणूस. काकीने पदर खोचला. तात्यांनी शिकवल्याप्रमाणे तिने दस्ता खांद्याशी घेतला. तो तिच्या अंगाला बांगडीसारखा बसला. तात्या दहा पावलांवर यंत्रापाशी उकिडवे बसले, बशी ठेवली, खटक्यावर हात ठेवला.

आणि सगळे थांबले. साहेब ओरडल्याशिवाय बशी सुटत नाही, हा नियम. आता ओरडायचे होते काकीने. तिने सवयीने आजूबाजूला पाहिले. सड्यावर खांब नव्हता. मी होतो, पण मी मुद्दाम तोंड समुद्राकडे फिरवले होते.

"टाका," काकी म्हणाली.

बशी सुटली नाही.

मी वळून पाहिले. बावीस वर्षे परक्यांच्या हाकेला ज्याचा हात कधी चुकला नव्हता, तो माणूस खटका धरून तसाच बसला होता आणि तोंड उघडे टाकून बायकोकडे पाहत होता.

"अवो, टाका की," काकी बंदूक न हलवता म्हणाली. "तुमालाच सांगतंय."