हैबतराव मामांचे भाषण आणि राहिलेले नाव

श्रीगणेशास नमन, माईकास नमन, आणि ज्यांचे नाव घ्यावयाचे राहिले त्यांस विशेष नमन. शके एकोणीसशे अडतीस, दुर्मुख संवत्सर, मार्गशीर्ष मासी लग्नाचा स्वागतसमारंभ जाहला, तेथे नवरदेवाचे आतोबा रंगनाथराव भर सभेत रुसले. ऐसे काही जाहलेच नाही. जाहले म्हणेल तो खोटा. आता खरे वर्तमान येणेप्रमाणे.

वधू चिमणाबाई लहानपणीच पोरकी जाहली, तिजला मामा हैबतरावांनी वाढविले. मामांचे पोटात एकच वाक्य होते, ते पोरीस सासरी निघण्याआधी सांगावे, आणि माईकावर सांगावे, म्हणजे सासरचेही ऐकतील, ऐसा मनसुबा. त्याची तालीम त्यांनी आरशापुढे केली, मग म्हशीपुढे केली. म्हैस गहिवरली, आरसा तटस्थ राहिला.

मग उभय पक्षांची मसलत बैसली, चहा जाहला, रुसवे जाहले, पुन्हा चहा जाहला, आणि तह ठरला की, बोलणाराने आधी मंचावरील प्रत्येकाचे नाव आदरे घ्यावे, आणि बोलून जाहले म्हणजे शाल-श्रीफळ घेऊन स्वतः मंचावर बैसावे. यात कोणास खोट दिसली नाही. मामांस शेवटी बोलण्याचा मान दिला, ते संतोष पावले, आणि तेथेच फसले.

समारंभी पहिले बोलले ते मंचावर गेले, आणि दुसऱ्यांनी त्यांचेही नाव घेतले आणि तेही गेले, मग व्याही, मग व्याह्यांचे साडू, मग साडूंचे शेजारी, ज्यांस लग्न कोणाचे हे ठाऊक नव्हते, परंतु आवाज भरदार होता. कोणाचेच भाषण नावांपुढे सरकले नाही. मंचावर खुर्च्या पुरेनात, तेव्हा आतोबा वदले की, नवराबायको तरुण आहेत, उभी राहतील. आणि त्यांचे सिंहासनी स्वतः आरूढ जाहले. नवरदेव आईस्क्रीमचे मोहिमेवर गेले. चिमणाबाई शालू सावरीत खाली उतरली आणि मामांपाशी येऊन उभी राहिली.

मामांची पाळी आली तो समोर खुर्च्या रिकाम्या, अवघी सभा मंचावर. मामा घाम पुशीत नावे घेऊ लागले. इतक्यात हॉलचे कारभारी कानाशी लागले की, पुढच्या लग्नाचा बँड दारात आला आहे, माईक बंद करतो. मामा म्हणाले, “एकच राहिलंय.” आणि खरेच एकच नाव राहिले होते, आतोबांचे. आतोबांनी शाल नीट केली, मान किंचित लवविली. मामांनी त्यांजकडे पाहिले, मग चिमणाबाईकडे पाहिले, आणि माईकात म्हणाले, “चिमणे, तिकडं नाही जमलं तर कुणाला विचारत बसू नको. सरळ घरी ये. मागल्या दाराची कडी काढून ठेवलीय.”



चिमणाबाई नाक ओढीत म्हणाली, “मामा, ती कडी कधीचीच तुटलीय.”

“मग दुरुस्त का नाही केली, असं वाटलं तुला?” मामा म्हणाले, आणि माईक बंद जाहला.

आतोबा उठले आणि मोटारीत जाऊन बैसले. रुसून नव्हे, वारा घेण्यास. मोटार दुसऱ्या वऱ्हाडाची होती, ती निघाली.

तात्पर्य, भाषणे बहुत जाहली, बोलणे एकच जाहले. सबब दरबारी अर्ज की, आतोबासाहेबांनी न जाहलेला रुसवा तात्काळ सोडून दप्तरी जमा करावा, आणि यापुढे वधूवरांस त्यांचे स्वतःचे लग्नात, जागा उरल्यास, बसू द्यावे. कळावे.