लिलाधरच्या पायातली घडीची सायकल

घडीची सायकल निवडायला अक्कल लागते, आणि ती अख्ख्या भंडारा जिल्ह्यात सध्या एकाच माणसाकडे आहे, असं लिलाधर ठवकरचं प्रामाणिक मत होतं. तो एक माणूस कोण, हे वेगळं सांगायला नको!

लिलाधर राहायचा भंडाऱ्याला आणि कारकून होता तुमसरच्या एका राइस मिलमध्ये. बस वेळेवर निघायची, तुमसरला वेळेवर पोचायची. घोळ व्हायचा तो पुढे. मिल गावाबाहेर, आणि तिकडे जाणारा आटो भरल्याशिवाय हलत नसे. आता भरला म्हणजे किती भरला, हे तुम्हीआम्ही ठरवायचं नसतं. ड्रायव्हरच्या मांडीवर माणूस बसला की आटो अर्धा भरला, असा तिथला हिशोब! त्यामुळे लिलाधर रोज उशिरा. शेवटी मिलचे मालक चंदनशेठ यांनी त्याला बोलावून सुनावलं, "लिलाधर, अजून एक डाव उशीर झाला ना, तं तुले कोंढ्याच्या गोदामावर धाडतो. तिथं उंदरं हायेत. तू अन् ते मिळून पोते राखत बसा!"

कोंढा म्हणजे पार पवनीकडे. बिऱ्हाडच हलवावं लागलं असतं. लिलाधर हादरला आणि त्याच रात्री त्याने उपाय काढला: घडीची सायकल! बसमध्ये घडी करून पायाशी ठेवायची, तुमसरला उतरून उघडायची, टांग मारायची, की आली मिल! मग त्याने मोबाइलवर घडीच्या सायकलींचे इतके व्हिडिओ पाहिले, की एका पहाटे झोपेतच तो उठून चादरीची घडी करायला लागला. चादरीत बायको असताना!

"अवो, साधी सायकल घ्या अन् तुमसरले ठेवून द्या ना कोनाच्या घरी," ज्योत्सना, म्हणजे चादरीतली बायको, म्हणाली.

"तुले त्यातलं समजत नाही. हे टेक्निकल हाय," लिलाधर म्हणाला आणि सायकल पाहायला नागपूरला गेला. तिथली किंमत ऐकून तसाच परत आला. तेवढ्या पैशात आपल्याकडे दुभती म्हैस येते, आणि तिची घडी करावी लागत नाही.

मग त्याला तुमसरच्या बस स्टँडजवळ इश्वरभाऊंचं दुकान सापडलं. कामावर जायच्या आधी सायकल निवडून टाकू म्हणून तो एक दिवस पहिल्याच बसने तिथे हजर झाला. दुकानात घडीची एकच सायकल होती. चंदेरी. कंपनीचं नाव कुठल्या लिपीत आहे, हे इश्वरभाऊंनाही ठाऊक नव्हतं. पण किंमत नागपूरच्या मानाने अगदी खिशाला झेपणारी!

"एवढी सस्ती काहून जी?"

"उघडाले भल्ली चांगली हाय," इश्वरभाऊ म्हणाले. "मिटाले तेवढी मनमौजी हाय."

"मनमौजी?"

"म्हन्जे कवा मिटन, ते तिच्यावर हाय."

लिलाधर हसला. अडाणी दुकानदारावर व्हिडिओ पाहिलेला माणूस हसतो, तसं! उंची पाहायला तो सायकलीच्या मधोमध दोन्हीकडे पाय टाकून उभा राहिला आणि म्हणाला, "हे पाहा भाऊ, घडी कशी करतात ते तुमाले दाखवतो. हा खटका असा उचलाचा, अन्—"

खटाक!

सायकल मिटली. इतकी सुरेख घडी कुठल्याच व्हिडिओत झाली नव्हती. दोन्ही चाकं एकमेकांना चिकटली, दांडा मधून दुमडला आणि खटका घट्ट बसला. फक्त लिलाधरचा डावा पाय आत राहिला!

पाय काडीसारखा असल्यामुळे दुखत काहीच नव्हतं. पण निघतही नव्हता. इश्वरभाऊंनी तेल सोडलं. शेजारचा चहावाला आला, त्याने साबण लावला. मग इश्वरभाऊ हातोडा घेऊन आले.

"ठोकू का?"

"पायावर ठोकता का सायकलवर?"

"आता दोन्ही एकच झालं ना जी!"

"मंग कापा ना दांडा!"

"कापली म्हन्जे तुमी घेतली," इश्वरभाऊ म्हणाले. "घेऊन राहिले का?"

लिलाधरचा निर्णय अजून झाला नव्हता. सीटची उंची त्याला जरा खटकत होती. तेवढ्यात दूर मिलचा पहिला भोंगा वाजला आणि त्याच्या डोळ्यांपुढे कोंढ्याचे उंदीर उभे राहिले, मिशा हलवत. "संध्याकाळी सांगतो" म्हणून तो तसाच निघाला. उजवा पाय पुढे, मग डावा पाय आणि सायकल. ठक, खळखळ. ठक, खळखळ.

आटोत मासे विकणारी देवकाबाई टोपलं घेऊन बसली होती. तिने पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगा माय! पायाले काय झालं बाबू?"

खरं सांगायला लिलाधरची जीभ रेटेना. 'मी घडीच्या सायकलींचा जाणकार आहे आणि हे त्याचं प्रात्यक्षिक आहे,' असं कसं सांगणार!

"ट्रीटमेंट हाय मावशी," तो पुटपुटला.

"टोंगळ्याची?"

"हो. टोंगळ्याचीच." गुडघा तर गुडघा!

"डाक्टर लोकं पायात सळाख टाकतात, हे आयकलं होतं," देवकाबाई भारावून म्हणाली. "तुमाले आख्खी सायकल टाकली!"

आटोवाल्याने मागे वळून पाहिलं, हात जोडले आणि तुमसरच्या इतिहासात पहिल्यांदा रिकाम्या जागा ठेवून आटो सुटला! लिलाधर मिलच्या फाटकात उतरला, तेव्हा दुसरा भोंगा वाजायचाच होता. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा तो वेळेआधी पोचला होता!

फाटकावरच्या मंगरू चौकीदाराने त्याला पाहिलं. देवकाबाईने आटोतूनच ओरडून मंगरूला सांगितलं, की याच्या गुडघ्यात सायकल टाकली आहे. मंगरूला एक कान कमी. त्याने हमालांना सांगितलं, गुडघा काढून सायकल टाकली. हमालांनी ते भुशाच्या ढिगापर्यंत नेलं आणि तिथून बातमी चंदनशेठच्या खोलीत शिरली, ती अशी: लिलाधरचा पाय कापला, त्या जागी सायकल बसवली आणि तरीही तो ड्युटीवर वेळेत आला!

चंदनशेठचे डोळे भरून आले. कोंढ्याचं बोललो, ते या माणसाला बोललो! त्यांनी गिरणी बंद करवली, सगळ्यांना धान वाळवायच्या अंगणात गोळा केलं, लिलाधरला मधोमध खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या खांद्यावर शाल टाकून हातात नारळ दिला.

"पाहा! पाय गेला, पन ड्युटी नाही सोडली!" शेठ गहिवरून म्हणाले. "नाही तं तुमी! सर्दी झाली का सुट्टी मांगता!"

"शेठ, पाय आतच हाय," लिलाधर म्हणाला. टाळ्यांत ते कोणालाच ऐकू गेलं नाही.

तांदूळ पाखडणारी कौशल्याबाई हळूच पुढे आली. तिचा गुडघा कित्येक वर्षं दुखत होता. तिने सायकलीची घंटी वाजवून पाहिली. ट्रिंग!

"वाजते वो!" ती बाकीच्या बायकांना म्हणाली. "मले बी घंटीवालीच पायजे!"

इकडे शेठने तोवर दुसरं पुण्यकर्म उरकलं होतं. त्यांनी ज्योत्सनाला फोन केला होता. "वहिनी, हिंमत ठेवा. पाय गेला, पन मानूस सलामत हाय!"

ज्योत्सना मिळेल त्या गाडीने, रडत रडत तुमसरला आली. फाटकातून धावत आत शिरली. शाल पांघरून, नारळ हातात घेऊन, सायकलीत पाय घालून बसलेला नवरा तिने पाहिला. मग खाली वाकून पाहिलं. चाकांच्या खाली डावा बूट दिसत होता. बुटात पाय होता. नाडी तिनेच सकाळी बांधून दिली होती.

तिचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"मी बसमंदी सात नवस बोलली," ती म्हणाली, "अन् तुमी शाल घेऊन राहिले?"

"ज्योत्सना, आयक तं—"

तिने ऐकलं नाही. तिने सीट धरली आणि सातही नवसांचा जोर लावून सायकलीला हिसका दिला.

खटाक! सायकल उघडली. लिलाधरचा पाय बाहेर आला. बुटासकट, मोज्यासकट, धडधाकट!

सगळे दोन पावलं मागे सरले. मग मंगरू किंचाळला,

"शेठ! पाय उगवला!!"

कौशल्याबाईने हात जोडले. एका हमालाने नारळ फोडला. लिलाधर खुर्चीवर उभा राहून जीव तोडून ओरडला, "अबे, उगवला नाही! आत अडकला होता! हे घडीची सायकल हाय, मी दुकानात पाहून राहिलो होतो, तं मिटली!"

चंदनशेठने त्याच्या पाठीवर मायेने हात ठेवला. "डाक्टरचं नाव सांगाचं नसंल तं नको सांगू, लिलाधर. पन आमाले येडं समजू नको."

ज्योत्सनाने एका हातात सायकल घेतली, दुसऱ्या हातात नवरा. दोन्ही घेऊन ती इश्वरभाऊंच्या दुकानात गेली. सायकल तिथे आपटली, नवरा घरी नेला.

पण गंमत पाहा. त्या रात्री लिलाधरला झोप येईना. काहीही म्हणा, त्या सायकलीमुळे तो कामावर वेळेत पोचला होता! सीटची उंचीसुद्धा आता त्याला पटायला लागली. त्याचा निर्णय झाला. सकाळी ज्योत्सनाला पत्ता लागू न देता त्याने पहिली बस धरली आणि तुमसरला उतरला.

इश्वरभाऊंच्या दुकानासमोर स्टँडपर्यंत रांग लागली होती. सगळे लंगडत होते. सर्वांत पुढे देवकाबाई, सायकलीत पाय घालून, डोळे मिटून बसलेली. तिच्यामागे कौशल्याबाई पदर खोचून तयार.

"इश्वरभाऊ, मले पसंत हाय! बांधून द्या सायकल!" लिलाधर लांबूनच ओरडला.

"विकाची नाही आता," इश्वरभाऊ म्हणाले. "अन् तिले सायकल म्हनू नका जी. मशीन हाय ते. तुमचा कोन्ता टोंगळा? लाइनीत या!"

"अवो, कायची मशीन! काही फरक पडत नाही तिच्यानं!"

"काहून नाही पडत?" देवकाबाईने डोळे न उघडता म्हटलं. "माहा ठनका तं अर्धा उतरला!"

हो नाही करता करता भोंगा वाजून गेला. आटो निघून गेला, तोही भरून. आणि लिलाधरच्या खिशातला फोन थरथरायला लागला. चंदनशेठ! त्याने घाबरत घाबरत फोन कानाला लावला.

"लिलाधर! कुठं हायेस बे?"

"शेठ, उशीर झाला... मी स्टँडवर हाय... त्या सायकलच्या दुकानापाशी..."

पलीकडे खुर्ची सरकली. मग शेठचा आवाज आला. खालच्या पट्टीत, खोलीतल्या कोणाला ऐकू जाऊ नये असा.

"लाइनीत हायेस का?"

"हो जी."

"मंग माहा बी नंबर लावून ठेव. उजवा टोंगळा."