नानांचं ताट घरीच राहिलं

आमच्या शेजारचे नाना लग्नाला निघाले, की आहेर विसरतील पण ताट विसरणार नाहीत. लग्नातल्या कचऱ्यात भर नको म्हणून स्वतःचं स्टीलचं ताट, दोन वाट्या, पेला, सगळं कापडी पिशवीत. एरंडोलच्या एका लग्नात तर निघताना केटररच्या माणसाने त्यांना फाटकातच अडवलं, "आजोबा, ताट ठेवा खाली." नाना शांतपणे ताट पालथं करून मागचं कोरलेलं नाव दाखवत उभे, आणि आम्ही सोबतचे सगळे ओळख नसल्यासारखे रिक्षा शोधतोय! त्यांचं एकच म्हणणं, "कचरा आपला, तं पिशवीबी आपली!"

आता असा माणूस सहल आखायला बसला म्हणजे काय होईल, तुम्हीच सांगा.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म कालव्याचं पाणी बघण्यात गेला. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनी, मात्र समुद्र अजून पाहिला नव्हता. तेवढी एक हौस राहून गेली होती. नानांनी एकदम अंदमान काढलं. "एका बाजूनं समुद्र काय दखाडना? बेटवर चारी बाजूंनी शे!" आम्हा नवराबायकोलाही सोबत ओढलं.

आणि मग नियम सुरू झाले. विमान नको, धूर फार. रेल्वेने चेन्नई, तिथून बोट. "मग बोट काय चुलीवर चालते का हो नाना?" मी विचारलं. अडचणीचा प्रश्न आला की नानांना कमी ऐकू येतं. पाण्याची बाटली विकत घ्यायची नाही. पुडीतलं काही खायचं नाही. साबणाऐवजी शिकेकाई. समुद्रातल्या पोवळ्यांवर पाय द्यायचा नाही, ती जिवंत असतात. जेवण जमेल तिथे आपलं आपण रांधायचं.

इथे अक्का भडकल्या. पाखडत होत्या ते तांदूळ सुपासकट बाजूला ठेवून म्हणाल्या, "पर्यावरण तुमनं, नि भांडा मना! ते लग्नातलं ताट घरी येस, ते कोन घासस? मी नही येवाव. समुद्र बठ्ठा तुम्हीच दखा."

खोटं काय होतं त्यात? मी तर मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. नाना मात्र चार दिवस ओसरीवर बसून. अक्कांशिवाय त्या समुद्राला काय अर्थ होता? समुद्र तर त्यांच्यासाठीच होता!

मग एका दुपारी, अक्का भजनाला गेलेल्या बघून, नाना माझ्या स्वयंपाकघराच्या दारात. "ताई, माले भाकरी शिकाडा. पन अक्काले सांगू नका."

काय वर्णावी ती शिकवणी! पहिली भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही. दुसरीचं तव्यावर अंदमान झालं, मध्ये एक तुकडा आणि भोवती बेटं. पण गडी हटला नाही. वांगी भाजली, मिरच्या ठेचल्या, हात पोळले, शेवटी माझी भांडी घासून गेले. पहिल्या दिवशी ती मी गुपचूप परत घासली. महिन्याभरात गरज उरली नाही.

"तू नुसती चाल. हात लावना नही," असं त्यांनी अक्कांना कुलदैवताची शपथ घेऊन सांगितलं. अक्का निघाल्या, पण तोंडावर "बघूच" असा भाव.

सामानात भरताची हिरवी वांगी, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली केळीची पानं. गोणपाटावर वाटभर पाणी शिंपडणं चालू. बेटावर उतरलो, मुक्कामाच्या घरी पोचलो, आणि बघतो तर अंगणभर केळीच केळी! घरमालकीण त्या गोणपाटाकडे बघून पदरात तोंड घालून हसायला लागली. जळगावचा माणूस केळीची पानं घेऊन समुद्र ओलांडून आला होता! नानांनी गोणपाट उलगडलं. मग म्हणाले, "बरं झालं. आपल्या पानांले गनगोत भेटनं."

"पण नाना, तुमचं ते ताट कुठंय?" मी विचारलं.

"घरीच ठेवं. पान गायले घालता येस. ताट कोनले तरी घासनं पडस."



संध्याकाळी समुद्रकाठी नारळाच्या करवंट्यांवर वांगी भाजली गेली. अक्का नऊवारी सावरून उथळ पाण्यात उभ्या होत्या, लाट आली की लहान पोरीसारख्या ओरडत होत्या. भाजल्या वांग्याचा वास आला तशा सवयीने पदर खोचून धावत आल्या. नाना म्हणाले, "तू बस. आज तू पाव्हनी शे."

पहिलं पान अक्कांचं मांडलं. आमच्याआधी, स्वतःच्याआधी. तव्यावरची भाकरी थेट पानावर आली, जरा वाकडी, पण टम्म फुगलेली. नाना माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जिंदगीभर तिनी माले गरम वाढं, ताई. ती सोता गरम कव्हय जेवनी, माले याद नही." त्यांचे डोळे धुराने लाल झाले होते, असं आपण म्हणू.

अक्कांनी घास घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत.

"मीठ कमी शे," अक्का म्हणाल्या.

नानांचा चेहरा पार पडला.

अक्कांनी पान पुढे सरकवलं, मांडी मोडून आरामात पाय पसरले आणि समुद्राकडे बघत म्हणाल्या, "आखो एक वाढा."